'नेट स्लो आहे' म्हणण्याआधी : शाळेचा संगणक कक्ष आणि एक छोटंसं नेटवर्क कार्ड



शाळेच्या संगणक कक्षात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मॅडम, नेट स्लो आहे." व्हिडिओ अडकला, नेट स्लो. वेबसाईट उघडली नाही, नेट स्लो. मुख्य संगणकावरचा धडा मुलांच्या संगणकावर यायला सात-आठ मिनिटं लागली, तरी नेट स्लो! या शेवटच्या गोष्टीचा इंटरनेटशी काडीचाही संबंध नाही. ती फाईल गावाबाहेर गेलेलीच नसते. याच खोलीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर येत असते. पण एकदा 'नेट स्लो' असं निदान झालं, की औषधंही ठरलेली. मोठा प्लॅन घ्या, नाहीतर संगणक जुने झाले म्हणून नवे मागा. दोन्ही जमलं नाही की कक्षाला कुलूप.

माझं मत स्पष्ट आहे. मोठ्या प्लॅनसाठी किंवा नव्या संगणकांसाठी गावात वर्गणीची पावती फाडण्याआधी शाळेने तीन गोष्टी तपासाव्यात : नेटवर्क कार्ड, केबल आणि स्विच. बऱ्याच कक्षांत फक्त एका संगणकातलं, म्हणजे मुख्य संगणकातलं कार्ड बदलून काम भागतं. आणि तेवढ्याच ठामपणे हेही सांगते, की सगळ्याच संगणकांत नवी वेगवान कार्डं बसवणं हा बहुतेक शाळांत निव्वळ वायफळ खर्च आहे. का, ते चौथी-पाचवीच्या गणितानेच बघू.

नेटवर्क कार्ड म्हणजे काय?

संगणकाच्या मागे टेलिफोनच्या पिनेपेक्षा जरा रुंद, चौकोनी खाच असते. निळी किंवा करडी लॅन केबल जिथे 'टक्' आवाज करून बसते, ती. त्या खाचेमागे जे इलेक्ट्रॉनिक काम चालतं, ते नेटवर्क कार्ड. आजकाल ते मदरबोर्डवरच बसवलेलं असतं, म्हणून वेगळं कार्ड दिसत नाही. पण कॅबिनेट उघडून रिकाम्या स्लॉटमध्ये दुसरं कार्ड बसवता येतं.

हे तंत्र तसं आपल्यातल्या अनेक शिक्षकांपेक्षा वयाने मोठं आहे. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि सहकाऱ्यांनी 'इथरनेट'ची कल्पना मांडली. पुढे त्याचं प्रमाणीकरण झालं तेव्हा वेग होता सेकंदाला १० मेगाबिट. १९९५ मध्ये १०० मेगाबिट आलं. १९९९ मध्ये साध्या तांब्याच्या केबलवरून १००० मेगाबिट, म्हणजे एक गिगाबिट शक्य झालं. २०१६ मध्ये अडीच आणि पाच गिगाबिटचं प्रमाण आलं. दहा गिगाबिटही आहे, पण ते आपल्या कामाचं नाही.

यातली मला आवडणारी गोष्ट म्हणजे नव्याने जुन्याला टाकून दिलेलं नाही. हजाराचं कार्ड शंभराच्या स्विचला जोडलं तर दोघं आपसांत 'बोलून' शंभरावर येतात आणि काम सुरू राहतं. म्हणूनच शाळा टप्प्याटप्प्याने बदल करू शकते. एका दिवसात सगळं बदलायची गरज नाही. पण याचाच दुसरा अर्थ असा, की साखळीत एक जरी कडी जुनी राहिली तरी त्या वाटेचा वेग तिच्याइतकाच राहतो, आणि कोणी तक्रारही करत नाही. सगळं 'चालू' दिसतं.

टाकी आणि तोटी

आता गणित. नेटवर्कचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फाईलचं आकारमान बाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून १०० मेगाबिटच्या कार्डातून सेकंदाला १०० ÷ ८ = साडेबारा मेगाबाइट, म्हणजे १२.५ एमबी जातात. हजाराच्या कार्डातून १२५ एमबी. प्रत्यक्षात थोडं कमीच मिळतं, पण हिशेबाला हे आकडे पुरेत.

समजा, कक्षात मुख्य संगणक एक आणि मुलांचे संगणक दहा. मुख्य संगणकावर ५०० एमबीचं एक फोल्डर आहे. त्यात धड्याचे व्हिडिओ, चित्रं आणि सरावाचा खेळ आहे. तासिका सुरू झाली आणि दहाही मुलांनी ते आपापल्या संगणकावर घ्यायला सुरुवात केली. एकूण जायचं आहे ५०० × १० = ५००० एमबी. मुख्य संगणकाचं कार्ड शंभराचं असेल तर ५००० ÷ १२.५ = ४०० सेकंद. म्हणजे ६ मिनिटं ४० सेकंद. ३५ मिनिटांच्या तासिकेतली जवळपास सात मिनिटं मुलं पडद्यावरची हिरवी पट्टी बघत बसणार. वीस संगणक असतील तर १३ मिनिटं २० सेकंद. मुलं रांगेने येणार, जागेवर बसणार, लॉगिन करणार, वर ही तेरा मिनिटं. मग शिकवायचं कधी?

आता फक्त मुख्य संगणकात हजाराचं कार्ड बसवू. ५००० ÷ १२५ = ४० सेकंद. मुलांच्या संगणकांना हातही लावलेला नाही. त्यांची कार्डं शंभराचीच आहेत. प्रत्येक मूल सेकंदाला १२.५ एमबी घेतं, दहा मुलं मिळून १२५ एमबी घेतात, आणि मुख्य संगणक नेमके तेवढेच देतो. हिशेब काठोकाठ जुळतो.

गावच्या पाण्याच्या टाकीचं तसंच असतं. टाकीची तोटीच अर्ध्या इंचाची असेल तर घरोघरी एक इंची नळ बसवून पाणी वाढत नाही. तोटी मोठी केली की आहे त्याच नळांना धार येते. आपल्याकडे मात्र उलटं होतं. देणगी आली की 'सर्वांना समान' म्हणून दहाही संगणकांत काहीतरी बसवतात आणि टाकीची तोटी तशीच राहते. मुख्य संगणकात हजाराचं कार्ड असताना मुलांच्या दहाही संगणकांत हजाराची कार्डं घातली, तर वेळ किती लागेल? पुन्हा ४० सेकंदच, कारण टाकीतून निघणारं पाणी तेवढंच आहे. दहा कार्डांचे पैसे गेले आणि एक सेकंदही वाचला नाही.

हा हिशेब मुलांनाही द्या. पाचवीला गुणाकार-भागाकार, सातवीला सम आणि व्यस्त प्रमाण. पुस्तकात नळ आणि हौदाची उदाहरणं असतातच. इथे हौद आपल्या शाळेतच आहे. घड्याळ लावून वेळ मोजायला सांगा, फळ्यावर दोन स्तंभ काढा : कार्ड बदलण्याआधी आणि नंतर. उत्तर गणितातल्यापेक्षा थोडं जास्त येईल. 'का जास्त आलं?' या प्रश्नावर मुलं जे तर्क लढवतील, ते ऐकण्यासारखे असतील.

कार्ड बदलून काय होणार नाही

दुकानदार सांगेल, "कार्ड बदला, नेट सुसाट होईल." ते खरं नाही. शाळेचा इंटरनेट प्लॅन सेकंदाला ५० मेगाबिटचा असेल, तर शंभराचं कार्डही त्याला पुरून उरतं. तिथे हजाराचं कार्ड घालून यूट्यूब एका कणानेही वेगात येणार नाही. प्लॅन शंभराच्या वर, म्हणजे दोनशे-तीनशेचा असेल, तरच जुनं कार्ड आड येतं. तेव्हा मात्र शाळा तीनशेचे पैसे भरते आणि संगणकाला शंभरच्या आतच मिळतं.

दुसरं, मुलं मुख्य संगणकावरचे व्हिडिओ कॉपी न करता तिथूनच बघत असतील, तरीही शंभर पुरेसं ठरू शकतं. साध्या स्पष्टतेच्या व्हिडिओला सेकंदाला ३-४ मेगाबिट धरा. दहा मुलांचे झाले ४०. म्हणजे शंभराची तोटी अर्धीही भरली नाही. तरी व्हिडिओ अडकत असेल तर दोष दुसरीकडे शोधायला हवा.

तो दोष बहुतेकदा जुन्या हार्ड डिस्कमध्ये सापडतो. फिरत्या तबकडीच्या डिस्कला दहा मुलांनी दहा वेगळ्या फाईली मागितल्या, की तिची सुई इकडून तिकडे धावते आणि वेग कोसळतो. अशा वेळी मुख्य संगणकात आधी एसएसडी बसवावी, कार्डाचं नंतर बघावं. आणि अडीच गिगाबिटचं कार्ड? मुख्य संगणकात जुनी हार्ड डिस्क असेल तर ते घेऊ नका. ती डिस्क साधारणपणे हजाराच्या कार्डाइतकाच वेग देते. त्यापुढचा वेग नुसता कागदावर राहतो.

मग हजाराचं कार्ड खरोखर कुठे उपयोगी पडतं? जिथे मोठ्या फाईली एकाच वेळी अनेक संगणकांवर न्यायच्या असतात तिथे. सुट्टीनंतर सगळ्या संगणकांवर एखादं सॉफ्टवेअर टाकायचं असतं. मुलांच्या कामाची एकत्र प्रत ठेवायची असते. 'कोलिब्री' किंवा 'किविक्स'सारख्या, इंटरनेटशिवाय चालणाऱ्या साहित्याचा मोठा साठा मुख्य संगणकावर चढवायचा आणि तिथून वर्गाला द्यायचा असतो. ज्या गावात इंटरनेट दिवसातून चारदा जातं, तिथे ही आतली वाटच खरी आहे. बाहेरचं नेट आपल्या हातात नसतं, खोलीतलं जाळं असतं.

आठ तारांपैकी एक

खर्च करण्याआधी एक फुकटातली तपासणी करा. विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट असं जा. तिथे 'लिंक स्पीड' लिहिलेली दिसेल. १०० असेल तर शंभर, १००० असेल तर हजार. प्रत्येक संगणकावर बघा आणि वहीत लिहून ठेवा. काम अर्ध्या तासाचं आहे. सातवीची दोन मुलं सोबत घेतली तर तेवढाही वेळ लागत नाही.

यात एक गंमत हमखास निघते. संगणक नवा, कार्ड हजाराचं, स्विचही हजाराचा, तरी लिंक स्पीड १००! अशा वेळी संशय केबलवर घ्यायचा. लॅन केबलमध्ये आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. शंभराच्या वेगाला त्यातल्या चार तारा पुरतात, हजाराला आठही लागतात. दाराच्या बिजागरीत केबल चेपली, उंदराने कुरतडली किंवा क्लिप नीट दाबली गेली नाही आणि एखादी तार तुटली, की बहुतेकदा कार्ड गुपचूप शंभरावर उतरतं. नेट चालू, दिवा लुकलुकतोय, सगळं छान. फक्त वेग दहा पटींनी कमी. अशा ठिकाणी कार्ड बदलणाऱ्याला काहीच मिळत नाही आणि दोन मीटरची नवी केबल लावणारा जिंकतो. नवी केबल घेताना निदान 'कॅट-५-ई' लिहिलेली घ्या. हजाराचा वेग १०० मीटरपर्यंत त्यावर नीट चालतो. शाळेच्या कोणत्याही खोलीला तेवढं पुरतं.

स्विचही उलटा करून वाचा. '१०/१००' एवढंच लिहिलं असेल तर तो शंभराचा. काही स्विचना एक-दोनच पोर्ट हजाराचे असतात. मुख्य संगणक त्या पोर्टला जोडा. चुकीच्या पोर्टला लावलेला मुख्य संगणक ही अशी दुरुस्ती आहे, की जिला एक रुपयाही लागत नाही.

पोर्ट गेला म्हणजे संगणक गेला, असं नाही

याच कार्डाचा दुसरा उपयोग मला वेगापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. मे-जूनमध्ये वळवाचा पाऊस आणि विजा सुरू झाल्या, की शाळांतले लॅन पोर्ट जळतात. विशेषतः एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत उघड्यावरून केबल नेलेली असेल तर. आमच्या भागातल्या एका शाळेत असे तीन संगणक 'नादुरुस्त' असा शेरा मारून कोपऱ्यात चादरीखाली ठेवलेले मी पाहिले. ते सुरू होत होते, कीबोर्ड चालत होता, मराठी टायपिंगही होत होतं. फक्त लॅनचा पोर्ट मेला होता. हजार रुपयांच्या आत मिळणाऱ्या साध्या कार्डाने ते तिन्ही जाळ्यात परत आले असते. तीन संगणक म्हणजे एका वेळी बसणारी निदान सहा मुलं. त्या मुलांचं वर्ष चादरीखाली गेलं.

म्हणून सुट्टीला जाताना लॅन केबल काढून ठेवा. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाळा, तिथे फायबर बरी.

घेताना आणि बसवताना

कॅबिनेट उघडून स्लॉट बघितल्याशिवाय कार्ड मागवू नका. जुन्या संगणकात लांब, बहुधा पांढरा पीसीआय स्लॉट असतो, नव्यात छोटा पीसीआय एक्स्प्रेस. एकाचं कार्ड दुसऱ्यात बसत नाही. जुन्या पीसीआय स्लॉटला हजाराचा वेग पूर्ण झेपतही नाही. कॅबिनेट बुटकं असेल तर आखूड पट्टीचं कार्ड मागा.

बसवण्याआधी त्या कार्डाचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा. विंडोज बहुतेक कार्डं स्वतः ओळखते, पण ओळखलं नाही तर ड्रायव्हर उतरवायला नेट लागतं आणि नेटसाठी ड्रायव्हर लागतो! मग संगणक बंद करा आणि भिंतीतली पिन काढा. कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. मागची पट्टी काढा, कार्ड सरळ दाबून बसवा, स्क्रू घट्ट करा. आठवी झालेला मुलगाही बघून बघून हे शिकतो.

खरी भीती पेचकसाची नसते, रजिस्टरची असते. 'कॅबिनेट उघडलं आणि काही झालं तर जबाबदार कोण?' ही भीती खोटी नाही. वॉरंटी चालू असेल तर पुरवठादारालाच बोलवावं, सील आपण तोडू नये. वॉरंटी संपली असेल तर विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठेवावा, ठराव लिहावा, खर्च संयुक्त शाळा अनुदानातून किंवा वर्गणीतून नियमाप्रमाणे दाखवावा आणि कार्डाची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला करावी. एका पानाचं काम आहे. तेवढं पान लिहायचा कंटाळा केला, तर दुसरं, मोठं पान लिहावं लागतं : निर्लेखनाचं.

'वर्गात छप्पर गळतंय, आणि तुम्ही कार्डाचं काय घेऊन बसलात?'

हा प्रश्न येणार, आणि तो रास्त आहे. माझं उत्तर असं, की ज्या शाळेत छप्पर गळतं तिथे आधी छप्परच. पण जिथे संगणक आधीच आलेले आहेत, ते लोकांच्या पैशातूनच आलेले आहेत. ते निम्म्या कुवतीने चालवणं ही काटकसर नव्हे. आपल्याकडे वस्तू मिळण्याचा समारंभ होतो, हार-फुलं होतात, फोटो निघतात. जोडणीचा समारंभ होत नाही. म्हणून जोडणीकडे कोणी बघत नाही.

दुसरा आक्षेप, आता सगळं वायफायवर आहे, मग वायर कशाला? वायफाय सोयीचं आहे, वाद नाही. पण एका राउटरची हवा सगळ्यांना वाटून घ्यावी लागते. एकाच हातपंपावर तीस हंडे लागावेत तसं. वायरमध्ये स्विचपर्यंत प्रत्येकाची वाट वेगळी असते. जे संगणक टेबलावरून हलणारच नाहीत, त्यांना वायर द्या. हवा टॅब आणि मोबाइलसाठी मोकळी ठेवा.

पालकांसाठी दोन शब्द

घरी मुलाचा ऑनलाइन तास अडकत असेल तर लगेच नवा लॅपटॉप घेऊ नका. राउटरपासून एक लॅन केबल टाकून बघा. नव्या पातळ लॅपटॉपला लॅनची खाच नसते. त्यासाठी यूएसबीला लावायचं छोटं लॅन ॲडॉप्टर मिळतं. ते यूएसबी ३ चं घ्या आणि लॅपटॉपच्या यूएसबी ३ च्याच खाचेत लावा. अनेक लॅपटॉपवर ही खाच आतून निळी असते. जुन्या यूएसबी २ च्या खाचेची कमाल ४८० मेगाबिटची, म्हणून हजाराचं ॲडॉप्टर तिथे निम्म्यावर येतं. आणि प्लॅन शंभराच्या आतला असेल तर साधं शंभराचंही चालेल, जास्तीचे पैसे घालू नका.

शाळेकडून वर्गणीचा निरोप आला तर जरूर द्या. पण बैठकीत एक प्रश्न जरूर विचारा : "लिंक स्पीड किती दाखवते, ते बघितलं का?" विचारणाऱ्याला तंत्रज्ञ असावं लागत नाही. आणि शिक्षक मित्रहो, हा प्रश्न कोणी विचारला तर रागवू नका. वहीतलं ते पान पुढे करा. दहा संगणक, दहा आकडे, त्याखाली तारीख. त्या पानावरून गावाला कळतं, की पैसा कुठे लागणार आहे आणि कुठे लागणार नाही.

या आठवड्यात एक तासिका काढून ते पान भरायला घ्या.